पासवर्ड बदलूनही ईमेल खाते पुन्हा पुन्हा परक्याच्या हाती जात असेल तर

ईमेल खात्यात कोणीतरी शिरले, पासवर्ड बदलला, आठ-दहा दिवस शांततेत गेले आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. ही तक्रार घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांत घरगुती वापर करणारेही असतात आणि चार-पाच माणसांचा छोटा व्यवसाय चालवणारेही. येईपर्यंत त्यांनी तीन-चार वेळा पासवर्ड बदललेला असतो, दर वेळी तो अधिक लांब आणि अधिक अवघड केलेला असतो, आणि तो स्वतःलाच आठवत नाही म्हणून एका चिठ्ठीवर लिहून ठेवलेला असतो. अशी खाती दुरुस्त करता करता माझे एक मत पक्के झाले आहे: दुसऱ्या खेपेला दोष पासवर्डात क्वचितच असतो. पहिल्यांदा परका माणूस पासवर्ड वापरून आत आला असेलही, पण आत आल्यावर पुढच्या खेपेला पासवर्डाची गरजच पडू नये अशी सोय तो करून ठेवतो. ती सोय शोधून काढायची सोडून पासवर्डच बदलत राहणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

लक्षणे

- ओळखीच्या लोकांना तुमच्या पत्त्यावरून तुम्ही न लिहिलेले मेल जातात, मात्र ‘पाठवलेले’ या फोल्डरमध्ये त्यांचा मागमूस नसतो.
- ज्या उत्तराची वाट पाहत आहात ते येत नाही, आणि फोन केल्यावर समोरची व्यक्ती म्हणते की उत्तर कालच पाठवले.
- तुम्ही न उघडलेले मेल ‘वाचलेले’ दिसतात, किंवा कचरापेटीत तुम्ही न टाकलेले मेल सापडतात.
- दुसऱ्या सेवांकडून पासवर्ड बदलण्याच्या लिंक येतात, ज्या तुम्ही मागितलेल्या नसतात.
- ‘मेल पोहोचला नाही’ अशा सूचना एका रात्रीत शेकड्याने येऊन पडतात.
- व्यवसायात: ग्राहक सांगतो की तुम्ही कळवलेल्या नव्या बँक खात्यात त्याने पैसे भरले. तुम्ही मात्र कोणतेही नवे खाते कळवलेले नसते.

शेवटचे लक्षण दिसत असेल तर पुढचे काहीही वाचत बसू नका. आधी बँकेला फोन करा, ग्राहकालाही त्याच्या बँकेला फोन करायला सांगा, आणि मग इकडे परत या, पण काहीही पुसण्याआधी शेवटचा ‘कुठे थांबावे’ हा भाग वाचा. गेलेली रक्कम पुढे हलवली जाण्यापूर्वी थांबवता येण्याची शक्यता तासातासाने कमी होत जाते. खात्याची साफसफाई मात्र दोन तास उशिरा केली तरी चालते.

सुरुवातीची एक अट

खाली तपासण्या सोप्या आणि बिनखर्चाच्या क्रमाने दिल्या आहेत, त्यामुळे संगणकाची तपासणी जवळजवळ शेवटी येते. यात एक अडचण आहे. संगणकातच दोष असेल तर त्यावर बसून केलेला प्रत्येक बदल परक्यालाही दिसतो आणि नवा पासवर्ड टाइप होताक्षणीच शिळा होतो. म्हणून सगळ्या तपासण्या ज्या उपकरणावर संशय नाही अशा उपकरणावरून करा. घरातल्या दुसऱ्या कोणाचा अद्ययावत फोन सहसा पुरेसा होतो. त्याच्या ब्राउझरमध्ये खासगी विंडो उघडा, शक्य असल्यास वायफाय बंद करून मोबाइल डेटा वापरा, आणि काही सेटिंग फोनवर दिसत नसतील तर ब्राउझरच्या मेनूतून ‘डेस्कटॉप साइट’ निवडा. नेहमीचा संगणक तोवर बंद राहू द्या.

१. खाते खरोखर परक्याच्या हाती आहे का?

ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि निम्म्या लोकांचा जीव इथेच भांड्यात पडतो. मेल पाठवण्याची मूळ पद्धत १९८२ सालची आहे आणि तीत पाठवणाऱ्याचा पत्ता खरा आहे की खोटा हे तपासण्याची सोयच नव्हती. पाकिटाच्या मागे पाठवणारा म्हणून कोणाचेही नाव लिहिता येते, तसाच हा प्रकार आहे. तेव्हा तुमच्या पत्त्यावरून मेल गेला म्हणजे तुमच्या खात्यातून गेला, असे होत नाही.

ज्याला तो मेल मिळाला त्याच्याकडून मूळ मेल मागवा. नुसता पुढे पाठवलेला मेल उपयोगाचा नाही, कारण पुढे पाठवताना हवी ती माहिती गळून पडते. जीमेलमध्ये मेलच्या तीन टिंबांच्या मेनूत मूळ मेल दाखवण्याचा पर्याय असतो, आणि तिथे वरच्याच चौकटीत पाठवणारा पत्ता खरा आहे का हे पाहणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन चाचण्यांचे निकाल दिसतात. तिन्ही निकाल ‘फेल’ असतील तर कोणीतरी तुमचे नाव बाहेरून वापरत आहे आणि खात्याला बहुधा धक्का लागलेला नाही. तिन्ही ‘पास’ असतील तर पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षर अन् अक्षर तुमचाच आहे का ते पाहा. छोट्या इंग्रजी लिपीतली ‘आर’ आणि ‘एन’ ही अक्षरे शेजारी शेजारी आली की ‘एम’सारखी दिसतात, आणि असे फसवे पत्ते खास त्यासाठी नोंदवले जातात. एका हिशेबनिसाच्या प्रकरणात आम्ही चौघे जण तो पत्ता बराच वेळ पाहत होतो. शेवटी अक्षरांचा आकार मोठा केला तेव्हा तो ‘एम’ दोन तुकड्यांचा निघाला. अशा वेळी तुमच्या खात्यात दुरुस्त करण्यासारखे काही नसते, ग्राहकांना सावध करणे एवढेच हाती उरते.

पत्ता खरा आणि निकाल ‘पास’ असेल, तर मेल तुमच्याच खात्यातून गेला आहे. पुढे चला.

२. कोण कोण आत बसले आहे ते पाहा

खात्याच्या सुरक्षा विभागात सध्या जोडलेल्या उपकरणांची यादी असते. जीमेल संगणकावर उघडल्यास इनबॉक्सच्या अगदी तळाशी, उजव्या कोपऱ्यात, खात्यात शेवटचा प्रवेश केव्हा झाला याची एक बारीक ओळ असते. तिच्यातल्या तपशिलावर क्लिक केले की अलीकडचे प्रवेश कोणत्या मार्गाने झाले, म्हणजे ब्राउझरमधून, मोबाइलमधून की आयमॅपमधून (वेगळ्या मेल प्रोग्राममध्ये मेल उतरवून घेण्याची पद्धत), हे दिसते. तुम्ही मेल फक्त ब्राउझरमध्येच वाचत असाल आणि यादीत आयमॅप दिसत असेल, तर कोणीतरी सगळा पत्रव्यवहार स्वतःच्या संगणकावर उतरवून घेत आहे.

यादीतले शहर किंवा देश पाहून घाबरू नका. मोबाइल कंपन्या आपल्या ग्राहकांची वाहतूक दूरच्या केंद्रांतून फिरवतात, त्यामुळे तुमचाच फोन भलत्याच शहरात दिसू शकतो. उपकरणाचा प्रकार आणि वेळ यांवर अधिक विश्वास ठेवा. यादीचे छायाचित्र काढून ठेवा आणि मग सगळ्या उपकरणांतून एकदमच बाहेर पडा. एकेक संशयित निवडत बसू नका, कारण तुमचा म्हणून सोडलेला एखादा ‘विंडोज संगणक’ तुमचा नसूही शकतो.

हे करायचे कारण असे. एकदा पासवर्ड दिला की ब्राउझरला एक ओळखपत्र मिळते, ज्याला कुकी म्हणतात, आणि पुढे दर वेळी पासवर्ड न मागता ते ओळखपत्र पाहूनच आत सोडले जाते. ही कुकी चोरीला गेली असेल तर चोराला पासवर्डही लागत नाही आणि फोनवर येणारा सांकेतिक अंकही लागत नाही. पासवर्ड बदलल्यावर काही सेवा जुनी ओळखपत्रे आपोआप रद्द करतात, काही करत नाहीत. त्या भरवशावर न राहता ती स्वतः रद्द करावीत.

३. नियम, फिल्टर आणि फॉरवर्डिंग

पुन्हा पुन्हा येणाऱ्या या दुखण्याचे मूळ मला सर्वाधिक वेळा इथे सापडले आहे, म्हणून इथे थोडे रेंगाळतो.

प्रत्येक मेल सेवेत आलेल्या मेलवर आपोआप काही करण्याचे नियम लिहिता येतात. परका माणूस आत आल्यावर पहिल्या काही मिनिटांत असा एक नियम लिहून जातो. मी पाहिलेल्या एका नियमाचे नाव म्हणजे फक्त एक पूर्णविराम होता. नियमांच्या यादीत ती ओळ जवळजवळ रिकामीच दिसत होती आणि खात्याच्या मालकिणीने ती यादी दोनदा उघडूनही तिच्या नजरेतून ती सुटली होती. तो नियम असा होता: मेलमध्ये ‘इन्व्हॉइस’, ‘पेमेंट’ किंवा ‘बँक’ यांपैकी कोणताही शब्द असेल तर तो मेल वाचलेला म्हणून नोंदवावा आणि आरएसएस फीड्स नावाच्या फोल्डरमध्ये हलवावा. आउटलुकमधला हा फोल्डर वर्षानुवर्षे कोणी उघडत नाही. आम्ही उघडला तेव्हा त्यात सहा आठवड्यांचा पत्रव्यवहार होता, आणि त्यातल्या तीन मेलमध्ये ग्राहक विचारत होते की खाते क्रमांक खरेच बदलला आहे का. त्या प्रश्नांना उत्तरे गेली होती. ती तिने लिहिलेली नव्हती.

दरम्यान तिने पासवर्ड चार वेळा बदलला होता. नियमाला पासवर्ड लागत नाही, तो सर्व्हरवर बसून आपले काम करतच राहतो. त्यात मेल आपोआप बाहेरच्या पत्त्यावर पाठवण्याचीही, म्हणजे फॉरवर्डिंगची, सूचना असेल, तर परक्याला पुन्हा आत यायचेही कारण उरत नाही. दुसऱ्या सेवांचा पासवर्ड बदलण्याची लिंक तुमच्या मेलवर आली की तिची प्रत त्याला घरबसल्या मिळते.

म्हणून पुढील जागा ओळीने पाहा. जीमेलमध्ये ‘सर्व सेटिंग्ज’ उघडून फिल्टरचा विभाग आणि फॉरवर्डिंग व पॉप-आयमॅपचा विभाग तपासा. हे दोन वेगळे आहेत आणि एक रिकामा असला तरी दुसऱ्यात ऐवज सापडू शकतो. खात्यांच्या विभागात दुसऱ्या कोणाला हे खाते वापरण्याची परवानगी दिलेली आहे का ते पाहा. तिथेच ‘या नावाने मेल पाठवा’ या ठिकाणी उत्तरासाठी वेगळा पत्ता भरलेला नाही ना, हेही पाहा. तो भरलेला असेल तर तुमच्या मेलला आलेले उत्तर थेट तिसरीकडे जाते आणि तुम्हाला वाटते की लोक उत्तरच देत नाहीत. आउटलुकमध्ये नियम आणि फॉरवर्डिंग ही दोन पाने स्वतंत्रपणे पाहा. जो नियम तुम्ही लिहिल्याचे आठवत नाही तो छायाचित्र काढून पुसून टाका. चुकून स्वतःचाच एखादा नियम पुसला गेला तरी फारसे बिघडत नाही.

४. खाते परत मिळवण्याचे मार्ग

पासवर्ड विसरल्यावर खाते परत मिळावे म्हणून दिलेला पर्यायी मेल पत्ता आणि फोन क्रमांक आज कोणाच्या हाती आहेत? खूप लोकांचा पर्यायी पत्ता म्हणजे दहा-बारा वर्षांपूर्वी काढलेले आणि आता कधीच न उघडलेले दुसरे खाते असते, ज्याचा पासवर्ड त्या काळातला, सोपा आणि अनेक ठिकाणी वापरलेला असतो. परका माणूस त्या जुन्या खात्यात बसतो. तुम्ही मुख्य खात्याचा पासवर्ड बदलता, तो ‘पासवर्ड विसरलो’ म्हणतो, लिंक जुन्या खात्यात येते आणि तो पुन्हा आत. अनेकदा त्या जुन्या खात्याचा पर्यायी पत्ता म्हणून हेच मुख्य खाते दिलेले असते, म्हणजे दोन्ही खाती एकमेकांच्या जामिनावर सुटलेली असतात.

फोन क्रमांकाचेही तसेच. सोडून दिलेला क्रमांक काही काळाने कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देते. मेल पत्त्यांबाबतही असे घडलेले आहे. याहूने २०१३ मध्ये वापरात नसलेले पत्ते नव्या लोकांना उपलब्ध करून दिले होते. तेव्हा जुना क्रमांक, जुना पत्ता, सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचा क्रमांक, पूर्वी संगणक दुरुस्त करून देणाऱ्याने ‘तात्पुरता’ म्हणून भरलेला स्वतःचा पत्ता, हे सगळे काढून टाका. सुरक्षेच्या प्रश्नांची उत्तरे खरी असतील तर तीही बदला. आईचे माहेरचे आडनाव हे काही गुपित नव्हे.

५. जोडलेली अॅप आणि अॅप पासवर्ड

‘या खात्याने साइन इन करा’ असे म्हणत आपण अनेक अॅपना खात्याची परवानगी देतो, आणि त्यांतल्या काहींना मेल वाचण्याची व पाठवण्याचीही परवानगी गेलेली असते. फसवणारे लोक अशीच दिसणारी स्वतःची अॅप तयार करतात. पासवर्ड मागणारे खोटे पान नसतेच. परवानगीचे पान अगदी खरे असते, फक्त परवानगी मागणारा खोटा असतो. ही परवानगी पासवर्डाहून वेगळी असल्याने पासवर्ड बदलल्यावर ती जाईलच असे नाही. जोडलेल्या अॅपची यादी उघडा आणि जे ओळखीचे नाही किंवा वर्षभरात लागलेले नाही ते काढून टाका. खरोखर लागणारे अॅप काढले गेले तर ते पुन्हा परवानगी मागेल, एवढेच.

अॅप पासवर्ड हा त्याच जातीचा दुसरा प्रकार. जुन्या मेल प्रोग्रामना दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डानंतर सांकेतिक अंकही विचारणे, जमत नाही, म्हणून त्यांच्यासाठी स्वतंत्र पासवर्ड तयार करता येतो. गूगलचा असा पासवर्ड १६ अक्षरांचा असतो. तो असेल तर फोनवरचा सांकेतिक अंक विचारलाच जात नाही. यादीत काहीही असेल तर सरळ रद्द करा. स्कॅन करून मेल पाठवणारे कार्यालयातले यंत्र त्यावर चालत असेल तर ते बंद पडेल आणि कोणीतरी ओरडेल. मग त्या यंत्रासाठी नवा तयार करता येतो.

६. आता पासवर्ड

पासवर्ड बदलण्याची पाळी आता आली, कारण आता तो बदलला तर टिकेल. नवा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरलेला नसावा, हीच महत्त्वाची अट. २०१२ मध्ये लिंक्डइनवरून चोरलेल्या माहितीतले सुमारे ११.७ कोटी पत्ते आणि पासवर्ड २०१६ मध्ये विक्रीला आले. म्हणजे चार वर्षांपूर्वीची चोरी अचानक ताजी झाली. असे ढीग घेऊन तीच जोडी शेकडो संकेतस्थळांवर यंत्राने लावून पाहिली जाते, आणि ज्याने एकच पासवर्ड सगळीकडे वापरला आहे त्याची सगळी दारे एकदमच उघडतात.

तुमचा पत्ता अशा ढिगात आहे का ते ‘हॅव आय बीन पोन्ड’ या विनामूल्य संकेतस्थळावर पाहता येते. ऑस्ट्रेलियाच्या ट्रॉय हंट यांनी ते २०१३ मध्ये सुरू केले. तिथे पासवर्ड तपासण्याचीही सोय आहे, आणि तीत तुमचा पासवर्ड बाहेर जात नाही. त्यापासून गणिताने काढलेल्या खुणेची फक्त पहिली पाच चिन्हे जातात आणि उरलेली जुळवणी तुमच्याच ब्राउझरमध्ये होते.

अकारण दर महिन्याला पासवर्ड बदलायला लावणाऱ्या नियमाचा मी विरोधक आहे. माणसे मग शेवटचा अंक एकाने वाढवतात. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनेही २०१७ च्या मार्गदर्शिकेत असा सक्तीचा बदल करू नये असेच सांगितले आहे. सगळे पासवर्ड कुलूपबंद जपून ठेवणारा प्रोग्राम, म्हणजे पासवर्ड मॅनेजर, वापरा, आणि त्याच्या मुख्य पासवर्डासाठी चार-पाच असंबद्ध शब्दांची साखळी करा.

दोन टप्प्यांची पडताळणी सुरू नसेल तर याच बैठकीत सुरू करा. एसएमएसने येणारा अंक काहीच नसण्यापेक्षा बरा. दर ३० सेकंदांनी बदलणारा अंक दाखवणारे अॅप त्याहून बरे, कारण सिमकार्ड परस्पर दुसऱ्याच्या नावे काढून तो अंक पळवता येत नाही. मात्र हे दोन्ही अंक खोट्या पानावर टाइप केले तर पुढच्या काही सेकंदांत खऱ्या पानावर वापरले जातात. पासकी (फोनात किंवा संगणकात साठवलेली डिजिटल किल्ली) किंवा सुरक्षा-किल्ली (तेच काम करणारे छोटे वेगळे उपकरण) यांचे तसे होत नाही, कारण त्या संकेतस्थळाच्या खऱ्या पत्त्याशीच बांधलेल्या असतात आणि खोट्या पानावर प्रतिसादच देत नाहीत. माणूस फसला तरी किल्ली फसत नाही, म्हणून पैशांचे व्यवहार ज्या मेलवर चालतात त्या खात्याला मी हल्ली दुसरे काही सुचवतच नाही.

७. संगणक आणि ब्राउझर

वरचे सगळे करूनही प्रकार पुन्हा घडला तर संशय संगणकावर. बंद ठेवलेला संगणक आता सुरू करा, पण त्यावर खाते उघडू नका.

आधी ब्राउझरची एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे जादा प्रोग्राम. प्रत्येक एक्स्टेंशनला पानावरचे सगळे वाचता येण्याची परवानगी असू शकते, आणि प्रामाणिक म्हणून घेतलेले एक्स्टेंशन पुढे दुसऱ्या मालकाला विकलेही जाते. नेमके कशासाठी आहे हे सांगता येत नाही ते काढा. इथे एक खोच आहे जी मला एकदा संपूर्ण दिवसाला पडली. संगणक पुसून विंडोज नव्याने बसवले, सगळे स्वच्छ झाले, मालकाने ब्राउझरमध्ये आपल्या खात्याने प्रवेश केला आणि दोन मिनिटांत ते नको असलेले एक्स्टेंशन आपल्या जागी परत हजर. सगळ्या उपकरणांवरचा ब्राउझर एकसारखा ठेवणारी सिंक सोय जुन्या सेटिंगबरोबर रोगही परत आणत होती. तेव्हा एक्स्टेंशन काढताना सिंक चालू असलेल्या प्रत्येक उपकरणावर ते गेले आहे याची खात्री करा.

मग दूरनियंत्रणाचे प्रोग्राम. कोणीतरी ‘मदत’ करण्यासाठी बसवलेले एनीडेस्क, टीमव्ह्यूअर किंवा तसेच काही अजून चालू असेल तर ते काढा. त्यानंतर विंडोजमधल्या मायक्रोसॉफ्ट डिफेंडर या व्हायरस शोधणाऱ्या प्रोग्रामची ऑफलाइन तपासणी चालवा. ती संगणक पुन्हा सुरू करून विंडोज पूर्ण जागे होण्याआधीच शोध घेते, त्यामुळे लपून बसलेल्या प्रोग्रामला लपण्याची संधी मिळत नाही. साधारण पंधरा मिनिटे लागतात.

यानंतर लोक म्हणतात, “काहीच सापडले नाही, म्हणजे संगणक ठीक आहे.” असा निष्कर्ष काढू नका. माहिती चोरणारे बरेच प्रोग्राम एकदाच चालतात, ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड आणि कुकी एका गठ्ठ्यात बाहेर पाठवतात आणि स्वतःला पुसून टाकतात. म्हणून घरातल्या माणसांना शांतपणे विचारा: फुकट मिळालेला महागडा प्रोग्राम किंवा खेळाची वाढीव फाइल कोणी बसवली का? ‘तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करा’ असे सांगून विंडोज आणि आर ही बटणे दाबायला, काहीतरी चिकटवायला आणि एंटर दाबायला लावणारे पान कोणाला दिसले का? ते चिकटवलेले म्हणजे आज्ञा असते आणि ती चालवणारे आपणच असतो. उत्तर ‘हो’ असेल तर त्या ब्राउझरमध्ये साठवलेला प्रत्येक पासवर्ड गेला असे धरा, फाइलींची प्रत काढून संगणक पुसा आणि सहाव्या तपासणीतले काम त्या सगळ्या खात्यांसाठी करा. हे कंटाळवाणे आहे, दोन संध्याकाळी जातात. विचारताना रागावू नका मात्र. रागावल्यावर मुलेही खरे सांगत नाहीत आणि कर्मचारीही नाहीत.

८. राउटर

मेल खाते वारंवार जाण्याचे कारण राउटरमध्ये मला फार क्वचित सापडले आहे, म्हणून तो इतका खाली आहे. तरी बघावे. राउटरच्या व्यवस्थापन पानावर डीएनएसचे, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचे, पत्ते पाहा. ते तुमच्या इंटरनेट कंपनीचे किंवा तुम्ही स्वतः भरलेले, उदाहरणार्थ ८.८.८.८, १.१.१.१ किंवा ९.९.९.९, यांपैकी असावेत. हे पत्ते बदलले की खऱ्या संकेतस्थळाचे नाव टाइप करूनही तुम्ही भलत्याच पानावर पोहोचू शकता. डीएनएसचेंजर नावाच्या प्रोग्रामने हाच उद्योग केला होता आणि २०११ मध्ये त्यामागची टोळी पकडली गेली तेव्हा सुमारे ४० लाख संगणक त्याच्या कह्यात होते. राउटरचा मूळ पासवर्ड बदला, बाहेरून व्यवस्थापन करण्याची सोय बंद करा, नवे फर्मवेअर (राउटरच्या आतला प्रोग्राम) असेल तर बसवा, आणि उत्पादकाने सुधारणा देणे बंद केले असेल तर राउटरच बदला.

कुठे थांबावे

पुढील परिस्थितीत स्वतः हात घालणे थांबवा आणि जाणकाराला बोलवा.

पैसे गेले असतील किंवा ग्राहकांची माहिती बाहेर गेली असेल तर बँक आणि पोलिसांची सायबर शाखा यांच्याकडे आधी जा. संगणक पुसू नका, नियम पुसू नका, मेल काढून टाकू नका; एरवी कचरा असलेली प्रत्येक गोष्ट इथे पुरावा असते. फाइली उघडत नाहीत आणि खंडणीची चिठ्ठी दिसते आहे, तर नेटवर्कची तार काढा, वायफाय बंद करा, बॅकअपची डिस्क लावू नका, आणि संगणक चालू तसाच ठेवून मदत मागवा.

व्यवसायाचे स्वतःचे डोमेन (मेल पत्त्यात ‘@’ नंतर येणारे नाव) असेल आणि डोमेन नोंदणीच्या खात्यात किंवा मेल व्यवस्थापकाच्या खात्यात अनोळखी प्रवेश दिसला, तर एकेका कर्मचाऱ्याचे खाते साफ करण्याला अर्थ नाही. तिथे बसलेला माणूस सगळ्यांचा मेल एका ओळीच्या बदलाने दुसरीकडे वळवू शकतो. हे काम त्यातल्या माणसाचेच आहे.

आणि एक वेगळीच परिस्थिती: आत शिरणारा माणूस अनोळखी नसून घरातलाच आहे असा संशय असेल, तर उपकरणे साफ करण्याची घाई करू नका. नजर ठेवणाऱ्याला आपण पकडले गेलो हे त्या क्षणी कळते आणि त्याचे पुढचे वागणे सांगता येत नाही. आधी विश्वासू व्यक्तीशी किंवा मदत संस्थेशी, दुसऱ्याच फोनवरून, बोला.

खाते पूर्णपणे हातचे गेले असेल तर सेवेच्या अधिकृत पुनर्प्राप्ती पानाशिवाय दुसरा मार्ग नाही. तो अर्ज तुमच्या नेहमीच्या जागेवरून आणि पूर्वी वापरलेल्या उपकरणावरून भरल्यास मान्य होण्याची शक्यता वाढते. सामाजिक माध्यमांवर ‘खाते परत मिळवून देतो’ म्हणत शुल्क मागणारे भेटतील. त्यांच्यातला एकही खरा मला आजवर भेटलेला नाही.

जाणकाराला बोलावताना दुसऱ्या आणि तिसऱ्या तपासणीत काढलेली छायाचित्रे, पहिल्या तपासणीतला मूळ मेल आणि कोणत्या दिवशी किती वाजता काय दिसले व तुम्ही काय बदलले याची हाताने लिहिलेली टिपणे तयार ठेवा. ही टिपणे त्या संशयित खात्यातच मसुदा म्हणून जपून ठेवलेली मी दोनदा पाहिली आहेत. ती कागदावर लिहा.